नवी मुंबईत अरीना झाला तर कार्यक्रम वाढतील का, आणि वाढले तर कुठले?

सिडकोनं २०२५ मध्ये नवी मुंबईत मोठा इनडोअर अरीना उभारायचा प्रस्ताव पुढे आणला, २०,००० लोक बसून बघू शकतील एवढा, आणि तेव्हापासून ज्याला त्याला वाटायला लागलंय की आता जगातला प्रत्येक मोठा बँड मुंबईला येणार. मी लाईट-साऊंडच्या कामात आहे, स्टेज उभं करणं आणि रात्रभर जागून ते उतरवणं हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे आणि अरीना झालाच पाहिजे असं म्हणणाऱ्यांपैकी मी आहे हे आधीच सांगून टाकतो. पण "मोठे बँड येतील" हे जे कारण दिलं जातंय ना ते मला पटत नाही, आणि कारणच चुकलं की बांधकाम चुकतं, भाडं चुकतं, सगळंच चुकत जातं. म्हणून हे प्रकरण जरा नीट उलगडून बघूया.

माझं मत असं की अरीना आला तर कार्यक्रम नक्की वाढतील, पण ते कोल्डप्लेसारख्या मोठ्या परदेशी बँडच्या मापाचे नसतील, मधल्या मापाचे असतील, त्यातले बरेचसे आपलेच असतील, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो किती भरलेला असतो यावर त्याचं सगळं गणित ठरेल.

आज मुंबईत जागा काय आहेत

खालून वर बघत जाऊ. नाट्यगृहं आहेत, पार्ल्याचं दीनानाथ, दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी, वाशीचं विष्णुदास भावे, सगळी साधारण हजार माणसांच्या आतबाहेरची. बीकेसीत २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर सुरू झालं, त्यातलं मोठं थिएटर २,००० खुर्च्यांचं. षण्मुखानंद २,७०० च्या आसपास. मग वरळीचा डोम, म्हणजे एनएससीआयचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम, तिथे मांडणी कशी करताय त्यावर पाच हजार किंवा थोडे जास्त लोक बसतात. आणि त्याच्या वर एकदम उडी, थेट मोकळं मैदान, महालक्ष्मीचा रेसकोर्स नाहीतर बीकेसीतलं एमएमआरडीए ग्राउंड, आणि मग नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पन्नास हजारांच्या आसपास.

म्हणजे डोम संपतो तिथून स्टेडियम सुरू होतं तिथपर्यंत, सहा-सात हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत, या सगळ्या पट्ट्यात कॉन्सर्टसाठीच बांधलेली, छप्पर असलेली एकही जागा या शहरात नाही. दोन कोटींच्या वर वस्ती असलेल्या महानगरात नाही. दहा-बारा हजार तिकिटं खपतील असा गायक असेल तर त्याला दोनच रस्ते, एक तर डोममध्ये कोंबून घ्या आणि तिकीट महाग करा, नाहीतर मैदान भाड्यानं घ्या आणि जत्रा उभी करा. बरेचदा तिसराच रस्ता निवडला जातो, म्हणजे शो होतच नाही. आणि न झालेल्या शोची कुठे नोंद होत नाही, त्यामुळे "मागणी आहे कुठे" असं विचारणाऱ्याला दाखवायला हातात काही नसतं.

कोल्डप्लेचं उदाहरण इथे लागू का पडत नाही

अरीनाच्या बाजूनं बोलणारे सगळ्यात आधी कोल्डप्लेचं नाव घेतात. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरुळला तीन शो झाले, तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत लाखो लोक उभे राहिले, काळाबाजार झाला, पोलीस चौकशी झाली, आणि मग २५ आणि २६ ला बँड अहमदाबादला गेला. तेव्हा इकडे बऱ्याच जणांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, की आपल्याकडे जागा असती तर ते दोन शोसुद्धा इथेच झाले असते. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात या कॉन्सर्टचा दाखला देऊन लाईव्ह कार्यक्रमांच्या अर्थकारणाबद्दल बोलून घेतलं आणि विषय एकदम सरकारी टेबलावर आला.

पण नीट बघा, अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम लाखाच्या वर लोक घेतं. ती स्टेडियम टूर होती. स्टेडियम टूर आणि अरीना टूर ही दोन वेगळी कामं आहेत, कलाकार निघतानाच ठरवून निघतो की यंदा कुठली, स्टेजचं माप वेगळं, ट्रकांची संख्या वेगळी, मानधनाचा हिशेब तर पूर्ण वेगळा. पन्नास हजार तिकिटांवर बसवलेला खर्च वीस हजारांच्या हॉलमध्ये निघतच नाही, कितीही सुंदर हॉल बांधा. लोलापलूझासारखा दोन दिवसांचा, तीन-चार स्टेजचा फेस्टिव्हल २०२३ पासून महालक्ष्मीला होतोय, तोही अरीनात येणार नाही कारण त्याला मैदानच लागतं, लोकांना फिरायचं असतं, गवतावर बसायचं असतं. १९९६ मध्ये मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात आला होता, २०१७ ला जस्टिन बीबर आणि २०१९ ला यू-टू नेरुळला आले, हे सगळे स्टेडियमचे शो. अरीना नव्हता तेव्हाही ते आलेच.

म्हणून मला वाटतं की अरीनाची बाजू मांडताना ही नावं बाजूला ठेवावीत. ती नावं घेतली की लोकांच्या मनात अपेक्षा बसते, आणि मग पहिल्या वर्षी कोल्डप्ले आला नाही की "पांढरा हत्ती" म्हणून बोंब सुरू होते.

मैदानावरचा एक शो कसा उभा राहतो

हे जरा सविस्तर सांगतो कारण तिकीट काढून येणाऱ्याला हे दिसत नाही आणि अरीनाचं खरं कारण इथेच आहे.

मैदान म्हणजे शून्य. वीज नाही, पाणी नाही, संडास नाही, कुंपण नाही, जमीन सपाट नाही. शोच्या आधी आठ-दहा दिवस मंडपवाले आणि स्कॅफोल्डिंगवाले आत शिरतात, आधी जमिनीवर लोखंडी प्लेटा किंवा प्लाय टाकून ट्रकसाठी रस्ता करतात कारण आदल्या आठवड्यात एक सर जरी पडून गेली असेल तर चाक रुततं. मग स्टेजचा सांगाडा, त्यावर छताचा ट्रस, म्हणजे धातूच्या नळ्यांची जाळीदार तुळई, आणि हा ट्रस टांगायला वर काहीच नसल्यामुळे तो खालून खांबांवर उचलायचा, त्याला आम्ही ग्राउंड सपोर्ट म्हणतो. त्या ट्रसवर लाईट, स्पीकर, एलईडी स्क्रीन, सगळ्याचं मिळून काही टनांचं वजन येतं, वरून वारा, त्यामुळे खांबांच्या बुडाशी पाण्याच्या टाक्या नाहीतर काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन सही करतो. मग जनरेटर, एक चालू आणि एक राखीव असे जोडीनं, त्यांची डिझेलची सोय, केबल लोकांच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून रॅम्प. मग बॅरिकेड, मग पोर्टेबल टॉयलेट, मग फर्स्ट एडचा तंबू, मग फायर ब्रिगेडची गाडी उभी करायला मोकळी गल्ली.

आणि परवानग्या प्रत्येक वेळी नव्यानं. पोलीस, ट्रॅफिक, फायर, लाऊडस्पीकर, विजेची तपासणी, दारू असेल तर एक्साईज, गाण्यांचे हक्क असलेल्या संस्थांची लायसन्स. तोच आयोजक, तेच मैदान, तोच नकाशा असला तरी फाईल पहिल्यापासून. काही वेळा शेवटची सही शोच्या दिवशी दुपारी येते आणि तोपर्यंत कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही. परदेशी मॅनेजरला हे समजावून सांगायला गेलं की तो फोनवर गप्प होतो.

एवढं सगळं एका संध्याकाळसाठी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उपटायला सुरुवात. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा या उभारणीत जातो, कलाकाराला नाही आणि बघणाऱ्याला तर नाहीच नाही, तो बिचारा चिखलात उभा असतो. अरीनात याच गोष्टी भिंतीत आणि छतात कायमच्या बसवलेल्या असतात. ट्रक थेट स्टेजच्या मागे लागतो, छतात रिगिंग पॉईंट, म्हणजे सामान टांगायच्या जागा, ठरलेले असतात, साखळीनं वजन उचलणारी चेन मोटर वर अडकवायची आणि ट्रस खेचून घ्यायचा, सकाळी लोड-इन म्हणजे सामान आत आणि रात्री शो, शो संपला की त्याच रात्री लोड-आऊट, सामान बाहेर. दहा दिवसांचं काम चोवीस तासांत येतं. हा फरक पडला की जो शो आज आतबट्ट्याचा आहे तो परवडायला लागतो, आणि "कार्यक्रम वाढतील का" या प्रश्नाचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात भक्कम उत्तर हेच आहे. नवीन कलाकार जन्माला येणार नाहीत, पण जे आज आकडे जुळत नाहीत म्हणून पुण्याला, बेंगळुरूला जातात किंवा कुठेच जात नाहीत त्यांचे आकडे जुळतील.

आता दहा वाजताचा नियम. ध्वनिप्रदूषणाचे जे २००० चे केंद्राचे नियम आहेत त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, राज्य सरकारला वर्षातले ठरावीक १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, तीही बहुतेक गणपती-नवरात्रात जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच नियमात बंदिस्त जागांना सवलत आहे, सभागृहं, कॉन्फरन्स हॉल, बँक्वेट हॉल वगैरे, आवाज आतच राहत असेल तर. हे फार महत्त्वाचं आहे. आज मैदानावरचा शो ट्रॅफिकमुळे अर्धा तास उशिरा सुरू झाला की तो अर्धा तास कायमचा गेला, कारण दहाच्या ठोक्याला मेन स्विच बंद. धोबीतलावचं रंगभवन आठवत असेल जुन्या लोकांना, उघडं नाट्यगृह, आय-रॉक हा रॉक बँडचा महोत्सव तिथे व्हायचा, जॅझ यात्रा तिथे व्हायची, आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेजं, त्यामुळे जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथलं संगीत थांबलं ते थांबलंच. नियम चुकीचा नव्हता, आजारी माणसाला झोप मिळायलाच हवी, पण त्या जागेच्या बदल्यात शहरानं दुसरी जागा दिली नाही याचं दुःख आजही आहे.

अर्थात नुसतं पत्र्याचं छप्पर टाकून ही सवलत मिळणार नाही, आवाज खरोखर आत राहिला पाहिजे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेसचा आवाज भिंत भेदून लांबपर्यंत जातो, कानाला नाही तरी खिडकीच्या तावदानाला कळतो. म्हणजे भिंती, छत, दरवाजे सगळं पहिल्यापासून ध्वनीचा विचार करून बांधायला हवं. हे नंतर करता येत नाही, निदान परवडत तरी नाही.

डोमनं आधीच उत्तर देऊन ठेवलंय

माझ्या मते या सगळ्या चर्चेत सगळ्यात दुर्लक्षित पुरावा म्हणजे वरळीचा डोम. जुनी वास्तू, मुळात क्लबचं स्टेडियम, आजच्या मापानं लहान, पण छप्पर आहे एवढ्या एका गोष्टीवर तिथे काय काय झालं बघा. प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना, २६ जुलै २०१४, तिथे झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर. जुलै अखेर! बाहेर मुंबईचा पाऊस आणि आत मॅटवर कबड्डी, लोक ओले रेनकोट खुर्चीला अडकवून ओरडत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले दोन सामने, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज, तेही तिथेच, एवढ्या मोठ्या देशात एनबीएला मुंबईत हीच जागा मिळाली. २०२३ पासून प्रो गोविंदा लीग तिथे होते, ऐन श्रावणात, थरावर थर लागतात ते छपराखाली, खाली मॅट, हेल्मेट, वेळेचं घड्याळ. आणि २०२० मध्ये हीच जागा कोविड सेंटर झाली होती.

यातली एकही गोष्ट कोणी "अरीना झाला तर काय येईल" या यादीत लिहिली नसती. कबड्डी लीग जन्माला यायच्या आधी तिची मागणी कोण दाखवणार होतं? जागा होती म्हणून लोकांनी तिथे काय करता येईल याचा विचार केला. आणि यातली दोन तर पावसाळ्यातली आहेत आणि आपल्या मातीतली आहेत, कबड्डी आणि दहीहंडी. म्हणून मी म्हणतो की वीस हजारांच्या जागेचा अंदाज बांधताना परदेशी बँडच्या यादीपेक्षा डोमची जुनी तारखांची वही उघडून बघा.

पावसाळ्याबद्दल मात्र खरं बोलायला हवं. अरीनावाले हमखास सांगतात की छप्पर झालं की बाराही महिने आंतरराष्ट्रीय शो. नाही होणार. जून ते ऑगस्ट हा युरोप आणि अमेरिकेचा फेस्टिव्हलचा हंगाम, सगळे मोठे कलाकार तिकडे अडकलेले असतात आणि तिकडे मिळणारे पैसे सोडून आशियात येत नाहीत. ते इकडे येतात ऑक्टोबर ते मार्च, आणि नेमके तेच महिने आपल्याकडे मैदानंही कोरडी असतात. त्यामुळे परदेशी शोच्या बाबतीत अरीना आणि मैदान एकाच हंगामासाठी भांडतील. मध्ये कधीतरी अपवाद होतो, गन्स एन' रोझेस १७ मे २०२५ ला महालक्ष्मीला वाजवून गेले, भर उन्हाळ्यात, आणि २६ मे ला मान्सून मुंबईत दाखल झाला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सगळ्यात लवकरच्या तारखांपैकी एक. नऊ दिवस इकडेतिकडे झाले असते तर त्या शोचं काय झालं असतं याचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

मग पावसाळ्याचे चार महिने भरायचे कुणी? आपल्याच लोकांनी. आणि तेवढी ताकद आपल्याकडे आहे. अजय-अतुलचा शो लावा, श्रेया घोषाल, ए. आर. रहमान, अरिजित सिंग, यांना पंधरा-वीस हजार तिकिटं खपवणं अवघड नाही. झाकीर खाननं ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूर्ण हिंदीत शो केला, म्हणजे अरीनाच्या मापाचा आपला कॉमेडियन आहे, आपल्याकडे त्याला अरीना नाही. दुबईला २०१९ मध्ये १७,००० चा कोका-कोला अरीना झाला, वातानुकूलित, कारण तिकडे उन्हाळ्यात बाहेर उभं राहता येत नाही, जशी आपल्याकडे पावसाची अडचण तशी त्यांच्याकडे उन्हाची. आता तिकडे आपले गायक आणि स्टँडअपवाले जातात आणि तिकडे राहणारी आपली मराठी मंडळी त्यांना बंद हॉलमध्ये, चांगल्या आवाजात ऐकतात. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला ते मिळत नाही हे मला खटकतं.

ग्लासगो, आणि थोडं मँचेस्टर

परदेशातलं एकच उदाहरण नीट बघायचं तर मी ग्लासगो घेईन, लंडन किंवा न्यूयॉर्क नाही. सहा लाखांच्या आसपास वस्तीचं स्कॉटिश शहर. १९८५ पासून तिथे प्रदर्शन केंद्र होतं आणि कॉन्सर्ट त्याच प्रदर्शनाच्या हॉलमध्ये व्हायच्या, म्हणजे मोठं गोडाऊन, खाली खुर्च्या मांडलेल्या, आवाज भिंतींवर आपटून परत येणारा. लोक जायचे, पण नाइलाजानं. ३० सप्टेंबर २०१३ ला शेजारीच हायड्रो नावाचा अरीना उघडला, १४,००० च्या आसपास क्षमता, पहिला शो रॉड स्टुअर्टचा. काही वर्षांत तो जगातल्या सगळ्यात जास्त तिकिटं खपवणाऱ्या अरीनांच्या यादीत वरच्या नंबरांत गेला. बाजूच्या फिनिस्टन भागात हॉटेलं, खाण्याची ठिकाणं वाढली.

का चाललं? शहर तेच, लोक तेच. मला तीन गोष्टी दिसतात. एक, आधीची मागणी खरी होती, ती चुकीच्या जागेत कोंडली होती, अगदी आपल्या एमएमआरडीए ग्राउंडसारखी. दुसरी म्हणजे शेजारी रेल्वे स्टेशन, चालत पाच-दहा मिनिटांवर. आणि तिसरी, मालकी मुख्यतः शहराच्या महापालिकेची असली तरी चालवणारी कंपनी रोज हेच काम करणारी, तारखा भरणं हाच तिचा धंदा. २००७ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीनंही असाच अरीना बांधला, बास्केटबॉलची मोठी टीम येईल या आशेवर, टीम आलीच नाही, पण तारखा मोकळ्या राहिल्या आणि त्या कॉन्सर्टनी भरल्या. चालवणारी कंपनी तिथे पहिल्यापासून भागीदार होती.

मँचेस्टरचं वेगळं आहे. तिथे १९९५ पासून मोठा अरीना होताच आणि २०२४ मध्ये दुसरा, को-ऑप लाईव्ह, २३,५०० चा, उघडला. उघडतानाच तारखा पुढे ढकलाव्या लागल्या, छतातल्या हवेच्या यंत्रणेचा भाग निखळून पडला, बरीच नाचक्की झाली. तिथे प्रश्न असा आहे की नवा अरीना जुन्याचे शो पळवतो की नवे आणतो. आपल्याकडे निदान आज तरी पळवायला काही नाहीच, मधला मजला रिकामाच आहे. डोमचे काही मोठे शो जातील, रेसकोर्सचे काही जातील, आणि खरं सांगायचं तर रेसकोर्सला थोडा आराम मिळाला तर वाईट काय आहे. डी. वाय. पाटीललाही, तिथे क्रिकेटचं वेळापत्रक आधीच भरगच्च, नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी वर्ल्डकप तिथेच जिंकला, त्या गवतावर स्टेज उभं करायचं म्हणजे खेळपट्टी सांभाळणाऱ्या क्युरेटरच्या काळजाचं पाणी होतं.

पैसे, आणि घरी जायची गाडी

तिकीट ५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे ५०० च्या आतलं तिकीट आणि ५०१ चं तिकीट यात मोठी दरी आहे, आणि अरीनाचं भाडं असं हवं की वरच्या गॅलरीतलं तिकीट ५०० च्या आत ठेवणं आयोजकाला शक्य होईल. नाहीतर वीस हजार खुर्च्यांतल्या मागच्या आठ हजार रिकाम्या राहतील. करांबाबत आपला इतिहास फार चांगला नाही, मायकल जॅक्सनच्या त्या १९९६ च्या शोच्या करमणूक कराच्या माफीचं भिजत घोंगडं २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेईपर्यंत पडून होतं. पंचवीस वर्षं. कुठलाही आयोजक अशा शहरात पैसे लावताना दहा वेळा विचार करणार.

आणि वाहतूक. नवी मुंबई बांधणाऱ्यांना मोटारी दिसतात, अटल सेतू झाला, विमानतळ सुरू झाला, बाहेरगावचा कलाकार आणि बाहेरगावचा पैसेवाला प्रेक्षक यांची सोय झाली. पण वीस हजारांतले बहुसंख्य लोक लोकलनं येणार, बोरिवलीहून, कल्याणहून, पनवेलहून. हार्बरला रात्री उशिरा गाड्या विरळ होत जातात. कोल्डप्लेच्या वेळी आयोजकांनी रेल्वेबरोबर मिळून गोरेगाव ते नेरुळ खास लोकल सोडल्या होत्या, चांगली कल्पना होती, पण ती तीन रात्रींपुरती. अरीनाला वर्षातून शंभर-सव्वाशे रात्री लागणार, दर वेळी खास गाडी मागणार का? हे वेळापत्रकातच बसवावं लागेल, शोच्या रात्री साडेअकराच्या पुढे ठाण्याकडे आणि कुर्ल्याकडे दोन-दोन गाड्या जास्त, कायमस्वरूपी. नाहीतर होतं काय, शेवटची दोन गाणी चालू असताना लोक उठून पळायला लागतात, मी स्टेजच्या बाजूला उभा राहून कित्येकदा बघितलंय, मुली तर हमखास लवकर निघतात कारण घरी सांगून आलेल्या असतात. ज्या शोला मध्येच उठून जावं लागतं त्याचं तिकीट माणूस परत काढत नाही.

म्हणून टेंडरचा कागद पक्का होण्याआधी काही गोष्टी त्यात याव्यात असं मनापासून वाटतं. चालवणारी संस्था आधी निवडा आणि तिला नकाशाच्या टेबलावर बसवा, बांधून झाल्यावर चावी देऊ नका, आपल्याकडे नाट्यगृहांच्या बाबतीत हेच झालंय, इमारत सुंदर आणि दोन वर्षांत एसी बंद, मेकअप रूमच्या नळाला पाणी नाही. छत किती टन पेलणार हा आकडा आर्किटेक्टनं नाही, छताला सामान टांगणाऱ्या रिगरनं सांगावा, कारण तो आकडा कमी निघाला तर आतमध्ये पुन्हा ग्राउंड सपोर्ट उभा करावा लागेल आणि मैदानाचा सगळा खर्च छपराखाली परत येईल. आतली मांडणी बदलती हवी, पडदे ओढून सहा हजारांचा हॉल करता आला पाहिजे, कारण मराठी गायकाचा किंवा मराठी स्टँडअपचा शो आज सहा हजारांचा आहे, तो वीसचा होईपर्यंत त्याला जागा कुठली? परवानग्या वास्तूला एकदाच मिळाव्यात, वर्षाच्या, शोगणिक नाहीत. आणि जून ते सप्टेंबरचं भाडं वेगळं, मुद्दाम कमी, त्यातल्या ठरावीक तारखा कबड्डी, गोविंदा, शाळा-कॉलेजच्या स्पर्धा आणि मराठी कार्यक्रमांसाठी करारातच राखून ठेवलेल्या, म्हणजे चालवणाऱ्याला डिसेंबरच्या कमाईवर वर्ष काढून पावसाळ्यात कुलूप लावता येणार नाही.